शालिकभाऊंचं पासिंग

माझ्या कामाची सुरुवात माणसाला डाव्या कुशीवर वळवण्यापासून होते. हृदय छातीत जरा मागे, फुप्फुसांच्या आड असतं. माणूस डाव्या कुशीवर वळला की ते पुढे सरकतं आणि दोन बरगड्यांच्या फटीतून मला दिसू लागतं. या फटीला आम्ही खिडकी म्हणतो. कोणाची खिडकी सताड उघडी, तर कोणाची जेमतेम किलकिली. राजूरकडच्या खाणीत उमेदीची वर्षं घालवलेली काही माणसं येतात, त्यांची फुप्फुसं इतकी फुगलेली असतात की खिडकीवर पडदाच ओढलेला असतो. मग त्यांना उताणं झोपवून, गुडघे वर घ्यायला लावून, बरगड्यांच्या खालून पोटाकडून आत डोकवावं लागतं. डावी कूस आणि उताणं, हे दोन शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावेत, पुढे ते कामी येणार आहेत.

यवतमाळात मी वर्षानुवर्षं इको करते आहे, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. आता वय झालं, आठवड्यातले मोजकेच दिवस बसते, पण खोली तीच आहे. अंधारी, शांत आणि थंडगार, कारण यंत्राला उकाडा सोसत नाही. यंत्रासाठी लावलेला एसी मे महिन्यात माणसांना फार आवडतो. नवऱ्याला घेऊन आलेल्या बायका 'बाहेर बसा' म्हटलं तरी हलत नाहीत. घरी मात्र आम्ही एसी लावलेला नाही. सासऱ्यांच्या वेळचा लोखंडी कूलर आहे, आवाज पिठाच्या गिरणीचा, पण हवा काय देतो! उन्हाळ्यात यवतमाळात राहायचं तर कूलरशी इमान ठेवावं लागतं.

आर्णीकडच्या एका म्हाताऱ्या जोडप्याची आठवण सांगते. काका टेबलावर, काकू यंत्राच्या पडद्यात डोकं घालून उभ्या.

"पाहा बरं मॅडम, यायच्या दिलात मी कुठं दिसते काय?"

मी म्हटलं, "काकू, इथे चार कप्पे दिसताहेत, बाकी काही नाही."

"चार खोल्या हायेत अन् मले एक बी नाई देल्ली?" काकू म्हणाल्या. काका इतके हसले की चित्र थरथरायला लागलं आणि मला सगळी मापं पुन्हा घ्यावी लागली.

तर हे चार कप्पे. डावी बाजू साऱ्या अंगाला रक्त पुरवते, म्हणून तिच्या भिंती जाड आणि दणकट. उजव्या बाजूचं काम सोपं, रक्त शेजारच्या फुप्फुसात ढकलायचं. तिच्या भिंती पातळ, तिला दाबाची सवय नाही. पण काही कारणानं फुप्फुसातल्या नळ्या आवळल्या किंवा तुंबल्या, की बिचारीला ताकदीबाहेर जोर लावावा लागतो. ती फुगते, तिची झडप गळायला लागते, पायांवर सूज येते, चार पावलं चाललं की धाप लागते. हा फुप्फुसांमधला वाढलेला रक्तदाब. दंडाला पट्टा बांधून तो समजत नाही, दंडाचा दाब अगदी नॉर्मल असू शकतो. इकोत मात्र गळणाऱ्या झडपेतून रक्ताची मागे उडणारी धार दिसते, आणि तिच्या वेगावरून आतल्या दाबाचा अंदाज बांधता येतो. अंगणात पाणी मारताना पाइपच्या तोंडावर बोट ठेवून पाहा, नळाला जोर किती आहे ते धारच सांगते.

या आजाराचं वाईट हे की तो ओरडत नाही. धाप लागली की आपल्याकडे उत्तरं तयार असतात. रक्त कमी आहे, वजन वाढलंय, वय झालंय. माणसं तीच उत्तरं चघळत बसतात आणि माझ्याकडे येतात तेव्हा उजवी बाजू पार थकलेली असते. अशांना खरं सांगून घरी आले की त्या दिवशी मी कोणाशी धड बोलत नाही. म्हणून ज्या थोड्या गोष्टींचा शेवट गोड झाला, त्या मी पुन्हा पुन्हा सांगते. ही त्यातली माझी सगळ्यात लाडकी.

शालिकभाऊ नेरचे, एसटीच्या लाल गाडीवरचे ड्रायव्हर. निवृत्ती तोंडावर आलेली. पोट मोठं, मान आखूड आणि जाड, मिशा भरघोस. सोबत बायको, पंचफुलाबाई, अंगानं त्यांच्या निम्म्या आणि आवाजानं दुप्पट. शालिकभाऊंच्या पायांवर एवढी सूज होती की चपलेचे पट्टे रुतून वळ उठले होते.

"काही नाई मॅडम, गाडीच्या पायऱ्या चढल्या का दम लागते," ते म्हणाले. "गाडी दरसाल आरटीओत पासिंगले नेतो न आमी, तशी माही बी पासिंग करून टाका. पास म्हना अन् सोडा."

"आणि नापास झालात तर?"

"आजवर माही एक बी गाडी नापास झाली नाई."

मी त्यांना डाव्या कुशीवर वळवलं आणि पडदा पाहून माझी थट्टा थांबली. उजवी बाजू फुगून डावीच्या अंगावर रेलली होती. डावा कप्पा आडव्या छेदात पुरीसारखा गोल दिसायला हवा, तो एका बाजूनं चपटा झाला होता. झडपेतून उडणारी धार जोरदार होती. दाब बराच वाढलेला होता.

"पन बीपी तं माहं चांगलं हाये," शालिकभाऊ म्हणाले. मी त्यांना पाइप आणि बोटाची गोष्ट सांगितली. त्यांनी ती लगेच आपल्या भाषेत बसवून घेतली.

"म्हंजे सायलेन्सर चोक झाला. धूर बाहीर निघून नाई राह्यला, अन् इंजिन बसून राह्यलं."

"तसंच समजा. आता तो कशानं चोक झाला ते शोधायचं."

"ते तुमचं काम. मी ड्रायव्हर हाये, मेकॅनिक नाई."

शोधायला घेतलं. हृदयाला भोक नव्हतं. डावी बाजू आणि तिच्या झडपा ठाकठीक होत्या. नागपूरला फुप्फुसांचा स्कॅन झाला, त्यात गुठळ्या नव्हत्या. तिथेच नळी घालून आतला दाब प्रत्यक्ष मोजला, कारण इको शेवटी अंदाजच. तो अंदाज खरा निघाला, कारण मात्र सापडेना. माझं लक्ष पहिल्या दिवसापासून त्या आखूड मानेकडे होतं. अशा माणसांचा घसा झोपेत मिटतो, श्वास अडतो, रक्तातला प्राणवायू उतरतो आणि त्यापायी फुप्फुसातल्या नळ्या आवळतात. वर्षानुवर्षं असं चाललं की दाब चढूनच बसतो. म्हणून मी सरळ विचारलं, "शालिकभाऊ, घोरता का?"

"नाई."

मी पंचफुलाबाईंकडे पाहिलं. या प्रश्नावर नवऱ्यांचं उत्तर धरायचं नसतं, बायकांचं धरायचं असतं.

"नाई बापा," त्या ठामपणे म्हणाल्या. "आमचा इतक्या वर्साचा संसार, पन मी यायचं घोरनं कधी आयकलं नाई. लेकरावानी झोपतेत."

"दिवसा झोप येते? गाडी चालवताना?"

शालिकभाऊंचा चेहरा एकदम बदलला. "माह्या मागं अर्धं गाव बसून रायते मॅडम. मले कायची झोप येते?"

आणि गंमत पाहा, त्याच दिवशी पुन्हा इको करताना ते माझ्या टेबलावर झोपले. अंधारी खोली, गार हवा, त्यात डावी कूस. आमची मंदा सिस्टर आणि मी कान देऊन उभ्या राहिलो. श्वास एका लयीत, संथ, खरंच लेकरासारखा. माझ्याच टेबलानं त्यांच्या बाजूनं साक्ष दिली. तरीही मी झोपेची तपासणी करून घ्या म्हणून सांगितलं. ते 'हो हो' म्हणाले आणि टाळत राहिले. मी लघवीवाटे पाणी काढणारी गोळी दिली, मीठ कमी करायला लावलं आणि पुढच्या इकोपर्यंत गाडी चालवायची नाही असं बजावलं.

"अन् पुढच्या इकोत दाब कमी दिसला तं?"

"तर विचार करू."

ते उठून बाहेर गेले तेव्हा पंचफुलाबाई मागे थांबल्या. "मॅडम, यायले गाडीवर जाऊ द्या बापा. रिटायर होनाऱ्या ड्रायव्हरच्या शेवटच्या फेरीले गाडी सजवतेत, झेंडूचे हार लावतेत. अन् घरची मानसं त्या गाडीत बसतेत. मी आजवर यायच्या गाडीत बसली नाई. बायको गाडीत असली का ध्यान भटकते म्हनतेत. शेवटच्या फेरीले तुले माह्या मागच्या सीटवर बसवीन, असा शब्द देल्ला हाये यायनं. नागपूरच्या तपासनीपासून सुट्टीवर हायेत, घरी बसून असतेत. हात कुठं ठेवावं ते समजत नाई त्यायले, जेवाच्या ताटालेच स्टिअरिंगवानी धरतेत."

मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. पण त्या गाडीत शाळेतली पोरं बसतात, बाजाराला निघालेल्या बाया बसतात. माझ्या शब्दावर तेही सगळे बसणार होते.

पुढच्या इकोला शालिकभाऊ आले ते नवरदेवासारखे. केस कापलेले, मिशांना कलप, अंगात नवा शर्ट. पायांची सूज गायब, चेहरा उतरून निम्मा झालेला. फक्त चालताना ते भिंतीला हात लावत होते.

डाव्या कुशीवर घेतलं. धार मंदावली होती! दाब मागच्यापेक्षा कितीतरी कमी येत होता. 'वा' हा शब्द माझ्या ओठांवर आला होता. पण नाडी जोरात पळत होती, आणि चांगली बातमी इतक्या घाईनं आली की मला ती जरा संशयानंच पाहायची सवय आहे. अंगातलं सगळं रक्त हृदयाकडे परत आणणारी एक मोठी शीर असते. अंगात पाणी किती आहे ते ती सांगते. ती पाहायला माणसाला उताणं करावं लागतं.

"शालिकभाऊ, पाठीवर व्हा. गुडघे वर."

बरगड्यांच्या खाली यंत्राची दांडी टेकवली. मागच्या वेळी तट्ट फुगलेली ती शीर आज रिकाम्या पाइपासारखी चपटी पडली होती.

"पाणी केव्हा प्यालात?"

शालिकभाऊ छताकडे पाहू लागले. उत्तर कोपऱ्यातल्या स्टुलावरून, पंचफुलाबाईंकडून आलं.

"कालपासून घोट नाई घेतला! अन् त्या लघवीच्या गोळ्या, त्या बी डबल खाल्ल्या. रातभर न्हानीत येरझारा चालू होत्या. मी म्हनलं कायले करता असं, तं मलेच चूप केलं."

"पासिंगच्या आंधी आमी गाडीले रंग मारतो, नट कसतो, धुऊनपुसून नेतो," शालिकभाऊ पडल्या पडल्या पुटपुटले. "सारेच करतेत. त्यात काय बिघडलं?"

आता यावर चिडावं की हसावं? इतकी वर्षं इको करते आहे, पण इकोची परीक्षा पास व्हायला स्वतःला सुकवून आलेला माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. पाणी आटलं म्हणून धार मंदावली होती, सायलेन्सर होता तसाच चोक होता. किडन्यांवर बेतलं असतं ते वेगळंच. मंदाला साखर-मिठाचं पाणी करायला पिटाळलं आणि मी त्यांना फैलावर घेतलं. दांडी तशीच हातात होती, बोलणं जोरात चालू होतं. रात्रभर जागलेल्या शालिकभाऊंनी त्यातलं किती ऐकलं देव जाणे, कारण माझ्या एका लांबलचक वाक्याच्या मध्येच त्यांचे डोळे मिटले. आणि या वेळी ते उताणे होते.

आधी घोरणं सुरू झालं. मग ते वाढलं. मग एकदम थांबलं.

खोलीत एसीचा बारीक आवाज तेवढा उरला. त्यांचं पोट वरखाली होत होतं, छाती ओढ घेत होती, पण नाकातोंडातून हवा आत जात नव्हती. प्राणवायू मोजायला बोटाला लावलेल्या चिमट्याचा टिकटिक आवाज हळूहळू खाली उतरू लागला. आणि पडद्यावर, माझ्या डोळ्यांदेखत, उजवा कप्पा फुगत गेला आणि मधली भिंत डाव्या बाजूला ढकलली गेली. ज्या कारणाचा मी नागपूरपर्यंत माग काढला होता, ते इथे माझ्या हाताखाली घडत होतं.

पंचफुलाबाई स्टुलावरून उठल्या. "अवो... अवो, हे काय होऊन राह्यलं?"

मी त्यांचा हात धरला. "थांबा. बघा."

थंडीत सकाळी जुनी गाडी सेल्फला खाकरते तसा एक प्रचंड आवाज झाला. शालिकभाऊंचं अख्खं अंग हललं, श्वास सुटला, टिकटिक वर चढली. डोळे मात्र मिटलेलेच. काही वेळानं पुन्हा तेच. घोरणं, शांतता, ओढाताण, खाकरा.

"माय वो! हे मरून राह्यले अन् पुन्हा जिते होऊन राह्यले!" पंचफुलाबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "घरी बी असंच होत असंन काय मॅडम?"

"रोज होत असणार. तुम्ही कधी ऐकलं कसं नाही?"

"कसं आयकू येईन? घरी कूलर असते."

"बाई, आत्ता तर थंडीचे दिवस आहेत."

"आमच्या घरी कूलर बारा मयने असते," त्या म्हणाल्या. "यायले इंजिनच्या आवाजाची आदत हाये न! सुम्म असलं का झोपच येत नाई. हिवाळ्यात बिनपान्याचा लावतेत, भिंतीकडं तोंड करून. अन् तो कूलर बी असा हाये का घरात चोर आला तरी समजनार नाई. मी एका कुशीवर झोपून जाते, हे एका कुशीवर."

मी डोक्याला हात लावला. घोरतात का, हे बायकोला विचारलं की उत्तर पक्कं, असं मी कैक विद्यार्थ्यांना शिकवलं होतं. घरात बारा महिने कूलर असतो का, हे विचारायचं कोणत्याच पुस्तकात लिहिलेलं नाही. आणि माझ्या टेबलाची साक्षही खोटी नव्हती. डाव्या कुशीवर जीभ मागे पडत नाही, घसा मोकळा राहतो. इको डाव्या कुशीवर होतो, आणि माणूस घरी रात्रभर डाव्या कुशीवर राहत नाही.

मंदा पाण्याचा लोटा घेऊन आली. शालिकभाऊ जागे झाले, मिशा पुसल्या. "झालं काय? पास?"

"नापास," मी म्हटलं. "आणि स्टिअरिंगला हात लावायचा नाही."

"पन कायले? मी गाडीवर एक डाव बी झोपलो नाई."

"आता माह्यासमोर झोपले न तुमी!" पंचफुलाबाई कडाडल्या. "अन् तुमालेच मालूम नाई!"

शालिकभाऊंनी बायकोचा ओला चेहरा पाहिला. मग लोटा हातात तसाच धरून त्यांनी मान खाली घातली.

"एक डाव डोया लागलता," ते हळू म्हणाले. "दुपारची फेरी होती. गाडी रस्त्याच्या खाली उतरली अन् पयसाच्या झाडापाशी थांबली. सवारी म्हनली, काय झालं? मी म्हनलं, म्हैस आडवी आलती. म्हैसगिस काई नवती मॅडम." आणि एवढा मोठा माणूस लोट्यावर डोकं टेकवून रडायला लागला.

मलाही भरून आलं. आमच्या धंद्यात रोग्यासमोर रडायचं नसतं असं म्हणतात, पण अंधारी खोली ही मोठी सोय असते.

पुढचं सगळं व्यवस्थित झालं असं म्हणता येणार नाही. नागपूरच्या तपासणीत झोपेतला आजार पक्का ठरला आणि नाकावर मुखवटा लावून हवेच्या दाबानं घसा उघडा ठेवणारं यंत्र घरी आलं. शालिकभाऊंनी त्याच्याशी उभा दावा मांडला. कारण काय, तर यंत्र आवाज करत नाही! त्यातच पंचफुलाबाईंनी भीतीपोटी कूलर अंगणात नेऊन ठेवला होता. नवऱ्याचा श्वास ऐकत त्या जागायच्या, आणि सुम्म वाटतं म्हणून शालिकभाऊ जागायचे. दोघं माझ्याकडे आले तेव्हा दोघांच्याही डोळ्यांखाली काळं झालं होतं.

"कूलर आत घ्या," मी म्हटलं. "मुखवटाही लावा आणि कूलरही लावा."

"म्हंजे मले आयकू कसं येईन?" पंचफुलाबाई म्हणाल्या.

"आता ऐकायची गरज नाही. यंत्र बघतंय, आणि मी बघतेच आहे."

माझं बघणं म्हणजे दर थोड्या महिन्यांनी इको. आल्या आल्या मंदा शालिकभाऊंना आपल्यासमोर लोटाभर पाणी प्यायला लावायची. "रंगबिंग मारून नाही आले ना?" असं विचारायची आणि मगच आत सोडायची. खात्यानं त्यांना तोवर बसस्थानकात माइकवर बसवलं होतं. 'यवतमाळकडे जाणारी गाडी फलाटावर लागत आहे' हे ते अशा करुण सुरात सांगत की लोकांना वाटायचं, गाडीला काही झालं की काय.

पण पडद्यावर बदल दिसत होता. वजन उतरत होतं, बोटावरचा आकडा दिवसाही वर राहत होता. झडपेची धार एकेका खेपेला मंदावत गेली. आणि या खेपेला शीर भरलेली असतानाही मंदावली होती, ही खरी गोष्ट. उजवी बाजू आवरून आपल्या जागेवर बसत गेली. आणि एके दिवशी आडव्या छेदात डावा कप्पा पुन्हा गोल दिसला. मी पडदा त्यांच्याकडे वळवला.

"हे बघा. पहिल्या दिवशी हा एका बाजूनं दबला होता. आता पुरीसारखा फुगलाय."

"अन् सायलेन्सर?"

"बराचसा मोकळा. पण मुखवटा सोडलात तर पुन्हा चोक होईल. तो जन्माचा सोबती."

"एक सोबतीन हायेच, तिचं बी आयकूनच रायतो," शालिकभाऊ म्हणाले. पंचफुलाबाईंनी त्यांच्या दंडाला चिमटा काढला.

गाडी द्यायची की नाही हे एकटीनं ठरवायचं काम नव्हतं. नागपूरच्या झोपेच्या डॉक्टरांनी यंत्राची नोंद पाहिली, दिवसाची झोप तपासली, खात्याच्या डॉक्टरांनी आपलं समाधान करून घेतलं. मगच शालिकभाऊ परत स्टिअरिंगवर बसले, निवृत्तीला थोडेच महिने उरले असताना.

शेवटच्या फेरीचं आमंत्रण द्यायला दोघं पेढे घेऊन आले. दुपारची गाडी, यवतमाळ ते नेर. मी लगेच हो म्हटलं. खरं सांगायचं तर केवळ कौतुकानं नाही. पडद्यावर पाहिलं, सगळ्यांनी तपासलं, तरी मनाच्या तळाशी ते पळसाचं झाड होतंच. त्यांचे डोळे मला स्वतःला पाहायचे होते, जेवणानंतरच्या उन्हात, चालत्या गाडीत.

गाडीला झेंडूचे हार लावले होते, काचेखाली आंब्याचं तोरण. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर नवं लुगडं नेसलेल्या पंचफुलाबाई आणि त्यांच्या शेजारी मी. अशी जागा धरली की वरच्या आरशात शालिकभाऊंचे डोळे नीट दिसावेत. ते डोळे टक्क उघडे होते, कलप लावलेल्या मिशांवर लखलखत होते. पंचफुलाबाई नवऱ्याच्या पाठीकडे अशा पाहत होत्या, जशी ती त्यांनी आज पहिल्यांदाच पाहिली. शहर मागे पडलं. दोन्ही बाजूंना बोंडं फुटलेल्या कपाशीची शेतं, मधे तुरीची तासं. खिडकीतून वारा येत होता, इंजिनाचा घरघराट पायांतून वर चढत होता. मी आरशावरची नजर हलवली नव्हती, एवढं मला पक्कं आठवतं.

त्यानंतरचं आठवतं ते हे, की गाडी थांबलेली आहे. नेर आलंय. आम्ही सोडून गाडी रिकामी आहे आणि खाली हार घेतलेली माणसं, गळ्यात ढोल अडकवलेले वाजंत्री, सगळे चिडीचूप उभे आहेत. शालिकभाऊ सीटवरूनच मागे वळून, ओठांवर बोट ठेवून त्यांना थोपवत होते.

"उठल्या काय मॅडम?" ते म्हणाले. "वाजवनार होते, मीच थांबवलं त्यायले. म्हनलं मॅडमले झोपू द्या जराशी."

मी गडबडून पदर सावरला. ज्या माणसाच्या झोपेची मला इतके महिने धास्ती होती, त्याच्याच गाडीत मी निर्धास्त झोपले होते. तेवढ्यात कंडक्टर तोंडावर हात धरून हसला.

"काय झालं?"

"काही नाई," शालिकभाऊ म्हणाले. "भल्ल्या घोरून राह्यलत्या तुमी. मले वाटलं इंजिनलेच काई झालं."

"मी? छे!" मी म्हटलं. "मी घोरत नाही. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, आमच्या ह्यांनी एकदाही तसं म्हटलेलं नाही."

पंचफुलाबाईंनी माझा हात आपल्या हातात घेतला आणि फार मायेनं विचारलं, "मॅडम, तुमच्या घरी कूलर कोनता हाये?"